ओल्या रानाची पाळी

ही गोष्ट माझी आहे आणि तिच्यात मी काही फारशी चांगली दिसत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी नाक मुरडायला नको.

सन २०४३ चा फाल्गुन. मी अकरा वर्षांची होते, सहावीत. आमचं गाव निंबशेवडी, पांझरा नदीच्या काठी. नदीवर जुना दगडी बंधारा आहे, तिथून पाट निघतो आणि पाटाचं पाणी शेताशेतांत पाळीनं जातं. पाळी म्हणजे नंबर. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. पूर्वी हे काम एक माणूस बघायचा, त्याला पाटकरी म्हणायचे. आता ते काम एक यंत्रमानव करतो. यंत्रमानव म्हणायचं आपलं. तो बकरीएवढा आहे, त्याला चार पाय आहेत आणि पोटाखाली एक लांब सळई आहे. ती जमिनीत खुपसून तो माती किती ओली आहे ते मोजतो. गावानं त्याचं नाव जागल्या, म्हणजे राखणदार, ठेवलंय.

पाळीचा आमच्याकडे एक नियम आहे, शंभर वर्षांचा तरी असेल. ओल्या रानाची पाळी शेवटी. ज्याच्या शेतात आधीच ओल आहे त्यानं थांबायचं, कोरड्याला आधी द्यायचं. हा नियम पोराटोरांनाही पाठ. भावानं दुसऱ्यांदा आमरस मागितला की आई म्हणते, "ओल्या रानाची पाळी शेवटी, आधी यामूला वाढू दे." यामू म्हणजे मी, यामिनी देवरे.

तर कोडं असं पडलं. रविवारी अवकाळी पावसाची एक सर नेमकी आमच्या शेतावर पडून गेली आणि शेजारचं शेत कोरडं राहिलं. मंगळवारी सकाळी जागल्या आला, त्यानं दोन्ही शेतांत सळई खुपसली आणि पाटाचं दार उघडलं ते आमच्या बाजूचं.

"अरे ए, आमचं रान ओलं आहे," मी म्हटलं.

"वरची ओल चार बोटं. खाली शेजारच्यापेक्षा कोरडं," जागल्या म्हणाला. तो मोजकंच बोलतो. "मुळं खाली आहेत."

"पण नियम आहे."

"नियमात किती खोल ते लिहिलेलं नाही."

मला राग आला. आता शेजारचे म्हणणार, देवऱ्यांनी पाणी चोरलं. मी जागल्याच्या पाठीवर एक चापट मारली. त्याला काय, लोखंडाचा तो. हात माझाच झिणझिणला.

तेवढ्यात पाटाच्या कडेनं हिलालतात्या आले. आले म्हणजे काय, दहा पावलं चालले आणि विजेच्या खांबाला टेकले, पुन्हा दहा पावलं चालले आणि बाभळीला टेकले. हिलाल दामू सोनवणे, वय सहासष्ट. जागल्या यायच्या कितीतरी आधी तेच गावचे पाटकरी होते. जुनी माणसं सांगायची की बंधाऱ्यावरून त्यांनी "पाणी आलं रे" अशी हाक दिली की गावठाणात ऐकू यायची. ते आम्हा पोरांना खरं वाटायचं नाही. आम्ही बघत होतो ते तात्या अर्धं वाक्य बोलून दम घ्यायचे. हातपाय धड, जखम नाही, ताप नाही, खोकला नाही. मोठी माणसंही म्हणायची, कामाचा कंटाळा, दुसरं काय. म्हणून मी त्यांचं नाव टेकू ठेवलं होतं. हो, मीच. ते नाव शाळाभर झालं आणि मला त्याची ऐट होती. आता लिहिताना मान खाली जाते.

"बरोबर आहे त्याचं," तात्या जागल्याकडे बघून म्हणाले. मग थोडा दम खाल्ला. "मी काठी खुपसायचो. वरच्या ओलीवर जाऊ नये."

मी हं हं केलं आणि ते पुढे गेल्यावर सोबतच्या मैत्रिणीला म्हटलं, "टेकूला काय कळतंय." माझा आवाज बारीक नाही. त्यांनी ऐकलं असेल का, हा प्रश्न मला तेव्हा पडलासुद्धा नाही.

दुपारी घरी आले तर आई ओट्यावर याद्या मांडून बसली होती. आई गावची आशाताई आहे. घरोघरी जाऊन आरोग्याची विचारपूस करणं, कुणाला कोणती लस द्यायची राहिली ते बघणं, हे तिचं काम. धुळ्याकडे कोरोनाचा नवा उपप्रकार (विषाणूनं थोडं रूप बदललं की तयार होणारा त्याचा भाऊबंद) आला होता आणि गुरुवारी लसीची गाडी गावात येणार होती.

"तुझं नाव लिहिते," आई म्हणाली.

"माझं नको. शनिवारी साक्रीला खो-खोचा सामना आहे. दंड दुखला, ताप आला म्हणजे? आणि मला दिवाळीत कोरोना होऊन गेलाय. मी ओलं रान. माझी पाळी शेवटी."

आतल्या खोलीच्या दारात माझे आबा चहाची बशी घेऊन उभे होते. माझे आबा म्हणजे आजोबा, डॉक्टर मधुकर देवरे. ते रोगप्रतिकारशास्त्रज्ञ (शरीर रोगाशी कसं झुंजतं याचा अभ्यास करणारे). पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून ते दोन वर्षांपूर्वी गावी परतले होते. गावात सगळ्यांच्या घरी त्यांचं जाणंयेणं. फक्त हिलालतात्यांच्या घरी नाही. पोस्टात जायचा सरळ रस्ता तात्यांच्या ओट्यासमोरून जातो, पण आबा विहिरीकडून वळसा घालून जायचे. मला वाटायचं, चालायचा व्यायाम करत असतील.

"हे तुला कुणी शिकवलं?" आबांनी विचारलं.

"काय?"

"लसीबद्दल. ओलं रान."

"हिलालतात्या म्हणतात. मागच्या महिन्यात आईला सांगत होते."

आईनं मान हलवली. "दरवेळी तेच सांगतात. म्हणतात, मला दोनदा होऊन गेलाय, मी ओलं रान, दुसऱ्या कुणाला दे. बावीस वर्षांत त्या माणसानं एकदाही लस घेतलेली नाही. मी समजावून थकले."

आबांच्या हातातला चहा बशीतून सांडला. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. बशी खाली ठेवून ते मला म्हणाले, "यामू, तीन गाडगी आण. आणि डब्यातले वाळके पांढरे वाटाणे. आणि देवघरातलं कुंकू."

मला वाटलं, आबांना काहीतरी झालं. पण गाडगी आणली.

त्यांनी प्रत्येक गाडग्यात मोजून शंभर वाटाणे घातले. पहिल्या गाडग्यातले दहा वाटाणे त्यांनी ओल्या कुंकवानं लाल केले, दुसऱ्यातले सहा, तिसऱ्यातले चार. रंग वाळेपर्यंत आम्ही दोघं वाटाण्यांवर फुंकर घालत बसलो. मग ते बोलायला लागले.

"एक गाडगं म्हणजे कोरोना झालेली शंभर माणसं. पांढरा वाटाणा म्हणजे जो बरा झाला आणि कामाला लागला. लाल वाटाणा म्हणजे ज्याला दीर्घ कोविड झाला. आजार गेल्यावर तीन-तीन महिने, कधी वर्षानुवर्षं जो त्रास मागे रेंगाळतो त्याला दीर्घ कोविड म्हणतात. दम लागतो, थोडं काम केलं तरी माणूस आडवा होतो, डोकं चालत नाही, छाती धडधडते. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही."

बाहेरून काहीच दिसत नाही, हे ऐकताना मला खांबाला टेकलेले तात्या आठवले. पण मी विचारलं दुसरंच.

"असं का होतं?"

"पुरतं उत्तर अजून कुणाकडे नाही. विषाणूचे काही अवशेष अंगात दडून राहत असतील. लढाई संपली तरी शरीर लढतच राहत असेल. रक्ताच्या बारीक गुठळ्या होत असतील. एकेका माणसात कारण वेगळं असू शकतं. पण एक गोष्ट हळूहळू स्पष्ट झाली. शरीराला विषाणूची आधीच ओळख असली तर हा धोका कमी होतो. विषाणू पहिल्यांदा शिरतो तेव्हा शरीर गाफील असतं. तयारी करायला त्याला आठ-दहा दिवस लागतात. तेवढ्यात तो मनसोक्त वाढतो. बरं झाल्यावर शरीर काही स्मृतिपेशी (विषाणूचा चेहरा लक्षात ठेवणाऱ्या पेशी) राखून ठेवतं. पुढच्या खेपेला त्या लगेच ओरडतात, आला रे आला. मग त्याला वाढायला वेळ मिळत नाही."

"आणि लस?"

"लस म्हणजे चोर घरात न शिरताच त्याचा फोटो जागल्याच्या हातात देणं. स्मृतिपेशी तशाच तयार होतात, आजार न होता." त्यांनी पहिलं गाडगं माझ्यापुढे सरकवलं. "यात ती माणसं आहेत ज्यांना आधी आजार नाही, लसही नाही. शंभरात दहा लाल. दुसऱ्यात ज्यांना एकदा होऊन गेलाय किंवा ज्यांनी आधी लस घेतलीय. शंभरात सहा. तिसऱ्यात ज्यांचं दोन्ही झालंय. चार. हे आकडे तुला समजावं म्हणून मी धरलेत हं. खरे आकडे विषाणूच्या उपप्रकाराप्रमाणे, वयाप्रमाणे, लस घेऊन किती महिने झाले त्याप्रमाणे बदलतात. कुणाच्या अभ्यासात फरक मोठा निघाला, कुणाच्या लहान. पण कल बहुतेकांचा एकाच बाजूला."

मी मनातल्या मनात खूश झाले. "म्हणजे मी दुसऱ्या गाडग्यात. होऊन गेलेला आणि लस घेतलेला सारखेच की."

"पोचले दोघंही दुसऱ्या गाडग्यापाशी. कसे पोचले ते बघ." आबा माझ्याकडे न बघता बोलत होते. "ज्यानं लस घेतली तो चालत आला. ज्याला आजार झाला त्याला वाटेत पहिल्या गाडग्यात हात घालावा लागला. दहा लालवाल्या. तू दिवाळीत घातलास, पांढरा आला, नशीब. आजारानं संरक्षण मिळतं हे खोटं नाही, पण ते मिळवायला आधी तोच धोका पत्करावा लागतो जो आपल्याला टाळायचाय. आणि पुढचा कोरोना झाला की पुन्हा हात घालायचा. दर खेपेला लाल थोडे कमी, पण खेपा वाढत जातात. तू घाल बघू, दुसऱ्या गाडग्यात."

मी हात घातला. पांढरा. परत टाकला, गाडगं हलवलं, पुन्हा घातला. पांढरा. असं करता करता नवव्या की दहाव्या खेपेला लाल आला. मी तो पटकन आत टाकायला गेले.

"थांब," आबा म्हणाले. "खऱ्यात परत टाकता येत नाही."

तो वाटाणा मी मुठीत धरून बसले. थोड्या वेळानं विचारलं, "तिसऱ्या गाडग्यातूनही येऊ शकतो?"

"येऊ शकतो. चार आहेत ना. कमी म्हणजे शून्य नव्हे. शिवाय ही ओळख पुसट होत जाते, ओल उडते तशी, आणि विषाणू चेहरा बदलतो. वरून ओलं दिसणारं रान आत किती कोरडं आहे, ते वरून सांगता येत नाही."

"जागल्या आज हेच म्हणाला," मी म्हटलं. आणि सकाळची सगळी हकिकत सांगितली, तात्या काय म्हणाले तेही. टेकू तेवढं गाळलं.

आबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. तो काही खराब झाला नव्हता.

"हिलाल आणि मी एका बाकावर होतो, पहिलीपासून," ते म्हणाले. "दोन हजार एकवीस सालची गोष्ट. मी टाळेबंदीत गावी अडकलो होतो. गावाला लसीचे चाळीस डोस आले आणि घेणारी माणसं दोनशे. कुणाला आधी द्यायचं? यादी करायला हिलालला बसवलं, पाळ्या लावण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि सल्ला द्यायला मला, कारण मी शास्त्रज्ञ. हिलालचं स्वतःचं नाव अकरावं होतं. त्याला आदल्या वर्षी कोरोना होऊन गेला होता, अगदी हलका. त्यानं मला विचारलं, मधू, मी घेऊ ना? मी हसून म्हटलं, तू ओलं रान, तुझी पाळी शेवटी. सगळी पंचायत हसली. कुणाला काही समजवावंच लागलं नाही, नियम सगळ्यांना पाठ. त्यानं पेन घेतलं आणि आपलं नाव आपल्या हातानं खोडलं. तीन आठवड्यांनी त्याला दुसऱ्यांदा झाला."

आई याद्या सोडून ऐकत होती.

"आणि लाल निघाला," मी म्हटलं.

"लाल निघाला."

"पण तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं ना? मग तुमची काय चूक?"

"माहीत नव्हतं हे खरं. लस कमी होती, कुणाला तरी मागे ठेवावंच लागलं असतं, हेही खरं. पण 'मला ठाऊक नाही' एवढं तर मला म्हणता आलं असतं. शास्त्रज्ञाला ते म्हणायची लाज वाटू नये. मला वाटली. गावाचा नियम तोंडात तयार होता, मी तो मातीवरून उचलला आणि माणसावर ठेवला. खोली किती, ते मोजलं नाही."

"त्यांनी लस घेतली असती तर ते बरे राहिले असते?"

आबांनी माझ्या मुठीकडे बोट दाखवलं. "तू हात दुसऱ्याऐवजी तिसऱ्या गाडग्यात घातला असतास तर पांढरा आला असता का?"

मी विचार केला. "बहुतेक. पण नक्की नाही सांगता येणार."

"तेच. शंभर माणसांचं मला सांगता येतं. हिलालचं नाही. कदाचित लस घेऊनही झालं असतं. कदाचित नसतं. बावीस वर्षं मी ह्या कदाचितपाशी उभा आहे. दीर्घ कोविडच्या हजारभर रुग्णांना भेटलो, निबंध लिहिले, आणि ज्याच्यामुळे ह्या विषयात पडलो त्याच्या ओट्यावर गेलो नाही. एकदाच गेलो होतो, सुरुवातीला. त्याच्या बायकोनं विचारलं, हे कधी बरे होतील? मला उत्तर देता आलं नाही. ती माउलीही आता राहिली नाही." त्यांनी चष्मा परत लावला. "मला वाटायचं, मी बोललेलं गाव विसरलं असेल. आणि हा अजून तोच नियम पाळत बसलाय. आता हा नवा उपप्रकार. तिसऱ्यांदा हात घालायला लागला तर, यामू, आत्ता जेवढा दम उरलाय तेवढाही राहायचा नाही त्याचा."

मला रडू आलं. मी रागानं म्हटलं, "मग जाऊन सांगा ना त्यांना. इथे मला काय सांगताय?"

आई म्हणाली, "यामू, आबांशी असं बोलतात?"

"बोलू दे तिला," आबा म्हणाले. "बरोबर बोलतेय."

बुधवारी सकाळी आम्ही सरळ रस्त्यानं गेलो. हिलालतात्या ओट्यावर स्टुलावर बसले होते. शेजारी पाण्याचा तांब्या आणि एक जुनी वही. आबांना बघून ते उठायला लागले आणि अर्ध्यातच पुन्हा बसले.

"ये मधू," ते म्हणाले. इतकंच. जणू आबा कालही येऊन गेले होते.

आबा पायरीवर बसले. इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत. "हिलाल, एकवीस साली मी तुला चुकीचं सांगितलं. होऊन गेलेल्यालाही लस लागते. ओल्या रानाचा नियम माणसाला लागत नाही. मला ठाऊक नव्हतं, तरी मी ठाऊक असल्यासारखा बोललो. पुढे कळलं, तरी आलो नाही. उद्या गाडी येतेय. तू लस घे."

तात्या तांब्यातलं पाणी प्याले. बोलण्याआधी ते दम साठवायचे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"शेतात मी काठी खुपसून बघायचो," ते म्हणाले. "स्वतःच्या अंगात कुठे खुपसू? तू म्हणालास ओलं, मी म्हटलं ओलं. तू शिकलेला." थोडं थांबून ते पुढे म्हणाले, "त्यानं हे जाईल का? हा दम?"

"नाही," आबा म्हणाले. "खोटं सांगणार नाही. काहींना लसीनंतर जरा बरं वाटलं, पुष्कळांना काही फरक पडला नाही. पण नवा आजार आला तर तो आणखी नुकसान करण्याचा धोका कमी होईल. कमी होईल. शून्य नाही. आणि तुझी तब्येत बघता डॉक्टर तिथं हजर ठेवू, टोचल्यावर अर्धा तास बसवू."

"हां. आता कसं, खोली सांगून बोललास." तात्या जरासे हसले. मग वहीवर हात ठेवून म्हणाले, "मधू, लस चुकली त्याचं मी तुझ्यावर कधी धरलं नाही. अरे, यादी माझी, खोडलं मी. माझ्या जागी कुणीतरी घेतली असेल, त्याचं बरं झालं असेल. पण तू यायचा राहिलास. गाव म्हणायचं, हिलाल नाटक करतो. एक माणूस होता जो छातीठोक सांगू शकला असता की हा आजार आहे. तो विहिरीकडून जायचा. मला इथून विहीर दिसते रे."

आबांनी पायरीवर बसल्या बसल्या दोन्ही हातांनी तोंड झाकलं. म्हातारं माणूस रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून मी वहीकडे बघितलं. वही उघडी होती. त्यात रेघा मारून पाळ्या लिहिल्या होत्या. सकाळ, अंघोळ. मग विश्रांती. दुपार, पाटापर्यंत चालणं. मग विश्रांती. परवाची पाळी, भाकरी करणं. अंगातला दम थोडा, म्हणून तात्यांनी स्वतःच्याच कामांना पाळ्या लावल्या होत्या. आणि मी म्हणायचे, कामाचा कंटाळा.

मला खूप बोलायचं होतं. मी नुसती वहीची कड सरळ करत राहिले. तात्यांनी ते पाहिलं असावं. "सामना कधी आहे गं तुझा?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी."

"लस घेणार आहेस?"

"हो." आणि तेव्हाच मला कळलं की मी घेणार आहे. "सामना पुढच्या वर्षीही असतो."

तात्या आबांना म्हणाले, "उद्याच्या पाळ्या मी लावतो. सुनेला म्हणावं, याद्या पाठवून दे. पण हाक मला मारवणार नाही. हाक ही मारेल. हिचा आवाज चांगला मोठा आहे. मला खांबापाशी बसूनही ऐकू येतो."

माझे कान तापले.

गुरुवारी शाळेच्या पटांगणात गाडी उभी राहिली. जागल्याही आला होता, पण त्याला काही काम नव्हतं. तात्या खुर्चीत बसले आणि त्यांनी लिहिलेली यादी माझ्या हातात दिली. अक्षर सुरेख, रेघा सरळ. ज्यांना होऊन गेलाय त्यांच्यापुढे बारीक खूण होती, पण नंबर त्यावरून लावले नव्हते. वय, जुने आजार, मागची लस घेऊन किती दिवस झाले, हे सगळं आईला विचारून लावले होते. अर्धं गाव उभं होतं. आबा तात्यांच्या खुर्चीमागे उभे होते, त्यांनी सकाळीच पंचायतीत सगळ्यांसमोर बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली होती आणि दीर्घ कोविड म्हणजे काय तेही. त्यानंतर बरीच माणसं तात्यांकडे बघायचं टाळत होती.

मी घसा साफ केला आणि पहिलं नाव बघितलं.

एक नंबर: टेकू.

मी यादीवरून मान वर केली. शाळेतली सगळी पोरं समोर होती.

"वाच की," तात्या म्हणाले. "लिहिलंय तसं वाच."

"लिहिलंय ते चूक आहे," मी म्हटलं.

"गाव तर तेच म्हणतं."

"गाव नाही. मी म्हणाले. पहिल्यांदा मीच म्हणाले, तात्या."

वहीला अडकवलेलं पेन त्यांनी काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मी तो शब्द खोडला. एका रेघेनं पुसला जाईना म्हणून चार रेघा मारल्या, तरी खालचं अक्षर दिसतच होतं. त्याच्या वर मी नीट लिहिलं आणि बंधाऱ्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात हाक दिली.

"पाळी पहिली. हिलाल दामू सोनवणे."

तात्या उठले. आबांनी हात पुढे केला. दहा पावलं चालून ते आबांच्या खांद्याला टेकले, आणि मग पुढची दहा चालले.